गॉथिक पान कसं कोरावं: द्राक्षाच्या पानापासून दगडापर्यंत

द्राक्षाचं एक पूर्ण वाढलेलं पान तोडून तळहातावर उलटं ठेवा. देठ पानाला जिथे भेटतो, तिथून पाच मुख्य शिरा पंजाच्या बोटांसारख्या फाकलेल्या दिसतील. पाठीवर त्या उठून आलेल्या असतात, पोटाच्या बाजूला त्याच जागी पन्हळ पडलेली असते. दोन शिरांमधला भाग जरा फुगीर असतो आणि जिथे दोन पाळ्या एकमेकींपासून सुटतात, तिथे एक गोलसर खाच असते. या खाचेला मी 'डोळा' म्हणतो. पुढे सगळं काम या डोळ्यांवर येऊन ठरणार आहे, म्हणून ते आत्ताच नीट पाहून ठेवा.

गॉथिक म्हणजे मध्ययुगीन युरोपातली, टोकदार कमानींची बांधकामशैली. फ्रान्समध्ये रँसच्या कॅथेड्रलमध्ये, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चमध्ये, तेराव्या शतकातल्या कारागिरांनी एका खांबाच्या माथ्यावर हेच पान कोरलं, द्राक्षं तोडणाऱ्या माणसांसकट. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमशायरच्या साउथवेल मिन्स्टरमध्ये चॅप्टर हाउस म्हणून अष्टकोनी दालन आहे, धर्मगुरूंच्या बैठकीचं. १२९० च्या आसपासच्या या दालनात द्राक्षवेल आहे, तसेच ओक, मेपल, हॉथॉर्न, हॉप आणि आयव्हीही आहेत. प्रत्येक पान ओळखता येतं. ओकखाली डुकरं पडलेली फळं खाताहेत. सातशे वर्षांपूर्वीच्या कुणा पाथरवटाने खरी डहाळी समोर ठेवून, डोळे भरून पाहून हे केलंय, याबद्दल ते बघताना शंका उरत नाही.

हा लेख असं एक पान स्वतःच्या हाताने करू पाहणाऱ्यांसाठी आहे. चित्रकलेचे विद्यार्थी, वास्तुकलेचे विद्यार्थी, मूर्तिकाम करणारे आणि ज्यांना जुन्या इमारतींवरचं कोरीव काम बघून हात शिवशिवतात असे सगळेच. मला सांगायची गोष्ट मुळात एकच आहे: गॉथिक पानात छिन्नी खरी चालते ती पानाच्या मागे. पुढून आपल्याला पान दिसतं, पण ते दिसतं मागच्या सावलीमुळे. हे हाताला कळलं की बाकी सगळं सरावाने येतं.

कोणत्या काळातलं पान, ते आधी ठरवा

'गॉथिक पान' म्हणजे एकच नमुना नव्हे. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे पॅरिसच्या नोत्र दामचं बांधकाम (सुरुवात ११६३) चालू होतं त्या दिवसांत, खांबाच्या माथ्यावर पान पूर्ण उमललेलं नसे. जाड देठ वर येई आणि टोकाला आकड्यासारखा वळून गोळा होई, न उघडलेल्या कोंबासारखा. याला क्रॉकेट म्हणतात. याचं मूळ रोमन काळातल्या, अकँथस नावाच्या झुडपाच्या कोरीव पानात आहे.

इंग्लंडमध्ये याच कोंबापासून एक स्वतंत्र पान तयार झालं: ताठ, लांब देठ आणि वर तीन पाळ्या. तिथे त्याला 'स्टिफ लीफ' म्हणतात, आपण 'ताठ पान' म्हणू. इंग्लंडमधल्याच वेल्स (Wells) नावाच्या गावातल्या कॅथेड्रलमध्ये ते पोटभर बघायला मिळतं. तिथे पानांच्या गर्दीतून दात दुखणारा माणूस डोकावतो, फळं चोरणारे दिसतात आणि त्या चोरांना बदडणारा शेतकरीही. हे पान कुठल्याच झाडाचं नाही. ते दगडाचं आहे आणि दगडाला जे जमतं तेवढंच करतं.

तेराव्या शतकाच्या मध्यापासून खरी पानं आली. पॅरिसची सेंट-शापेल (१२४८), जर्मनीत नाउम्बुर्गच्या कॅथेड्रलचा पश्चिमेकडचा भाग, मग साउथवेल. त्यानंतर चौदाव्या शतकात पान फुगू लागलं, त्याच्या पृष्ठभागावर लाटा आल्या, झाड ओळखू येईनासं झालं. पंधराव्या शतकाच्या फ्रान्समध्ये ते कुरळ्या कोबीसारखं आणि काटेरी थिसलसारखं झालं. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच वास्तुकार व्हिओले-ल-द्यूक यांच्या लक्षात आलं होतं की आधी कोंब, मग उघडलेलं पान, मग पसरून कुरळं झालेलं पान, असा हा प्रवास एका ऋतूसारखा आहे.

शिकणाऱ्याने सुरुवात ताठ पानाने करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. खरं पान समोर असलं की आपण दाते आणि शिरा मोजत बसतो आणि घडण विसरतो. तीन पाळ्यांच्या पानात मोजण्यासारखं काही नसतं, म्हणून लक्ष उंच-खोल काय आहे त्याकडे जातं. ते एकदा शाडूत करा आणि मग द्राक्षाच्या पानाकडे वळा.

बघायचं कसं

मुंबईत राहणाऱ्यांना यासाठी विमानात बसायची गरज नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या (बांधकाम १८७८ ते १८८८, वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स) कोरीव कामात आपल्या आजच्या जे. जे. स्कूलच्या त्या वेळच्या विद्यार्थ्यांचा हात होता. फोर्टमधल्या विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह आणि ग्रंथालय जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून आखलं, ते स्वतः मुंबईत कधी आलेच नाहीत. ही सगळी गॉथिकची दुसरी, एकोणिसाव्या शतकातली पिढी, पण व्याकरण तेच.

सकाळी किंवा दुपारी चारनंतर जा. भर दुपारी सगळं सपाट दिसतं. एक खांब निवडा आणि निदान वीस मिनिटं त्याच्यापुढून हलू नका. बघण्याचा क्रम असा ठेवा: आधी देठ कुठून निघतात ते शोधा. खांबाच्या गळ्याशी एक कडं असतं, त्याच्या वरून देठ सुरू व्हायला हवेत. मग ते कुठे जातात ते पाहा. चांगल्या कामात देठ थेट वरच्या चौकोनी लादीच्या कोपऱ्यांकडे धावतात आणि पान नेमकं कोपऱ्याखाली पुढे झुकतं, जणू ते कोपरा तोलून धरतंय. कमकुवत कामात पानं चिकटवल्यासारखी वाटतात आणि देठ सापडतच नाही. तिसऱ्यांदा फक्त काळोख बघा. डोळे किलकिले करा, म्हणजे बारीक तपशील पुसला जातो आणि सावल्यांचे ठिपके तेवढे उरतात. ते ठिपके वहीत उतरवा. पान काढू नका, फक्त काळे ठिपके काढा. घरी येऊन वही लांबून पाहिलीत की पान आपोआप उमटलेलं दिसेल.

एक गोष्ट उंचीची. साउथवेलमधल्या भिंतीलगतच्या कमानींची पानं बसणाऱ्याच्या डोक्याच्या जरा वर आहेत, म्हणून तिथे शिरा आणि दाते कोरणं सार्थकी लागतं. शिखराच्या कडेने चढत जाणारी क्रॉकेट-पानं पन्नास-साठ फुटांवर असतात. ती जवळून पाहिली तर ओबडधोबड दिसतील, कारण तिथे फक्त बाह्याकृती पोचते. तुमचं पान कुठे लागणार आहे, हे कोरायच्या आधी ठरवायचं ते याचसाठी.

पान आणणं आणि रेखाटणं

आमच्याकडे नाशिक भागात ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर महिना-दीड महिन्यात भरलेलं पान मिळतं. तासगाव, सांगलीकडेही तसंच. बागायतदाराला विचारूनच तोडा आणि आणल्यावर आधी स्वच्छ धुवा, कारण बागेत फवारण्या चालू असतात. बोर्डो मिश्रणाचे (मोरचूद आणि चुन्याचे) निळसर डाग बहुतेक पानांवर दिसतीलच. पान एकटं आणू नका. देठ, पेर आणि शक्य असेल तर वेलीचा तणावा असलेली वीतभर डहाळी आणा. ऑक्सफर्डच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात (१८६०) आयर्लंडहून आलेले ओशे बंधू खांबशीर्षं कोरत होते तेव्हा त्यांच्यासाठी वनस्पती उद्यानातून खरी झाडं आणली जात. तिथल्या पानांना जो ताजेपणा आहे, तो फोटोवरून येत नाही.

रेखाटताना कड सगळ्यात शेवटी काढायची. आधी देठ, मग पाच शिरा, मग प्रत्येक शिरेच्या टोकाला एक टिंब. पाच टिंबं जोडून जो पंचकोन होतो, ते तुमच्या पानाचं शरीर. आता डोळे कुठे येतात ते वर्तुळाने दाखवा. त्यानंतर कड. द्राक्षाच्या कडेला ढीगभर दाते असतात. त्यांतले बहुतेक गाळा आणि प्रत्येक पाळीला तीन, फार तर पाच ठेवा, आणि ते खऱ्यापेक्षा मोठे करा. जुन्या कारागिरांनीही निवडच केली, आणि तरीही झाड ओळखू येतं.

शेवटचं रेखाटन कोळशाने करा आणि रेघेशिवाय, फक्त काळं आणि पांढरं. मधली करडी छटा वापरू नका. दगडात तुमच्या हाती तीच दोन साधनं असतील.

शाडूत एक पान, मग दुसरं

एक फळी घ्या, त्यावर शाडूचा वीतभर उंच थर द्या आणि त्याला खांबशीर्षाच्या पोटाचा आकार द्या: खाली अरुंद, वर पसरत जाणारा, तांब्याच्या गळ्यासारखा. ही तुमची जमीन. पान या जमिनीतून उगवल्यासारखं दिसायला हवं.

पहिलं ताठ पान. देठासाठी करंगळीएवढी वळी करून जमिनीवर खालून वर बसवा. खाली ती जमिनीला पूर्ण चिकटलेली, वर जाताना हळूहळू सुटत जाणारी. वर अंड्याएवढा गोळा लावा. या गोळ्यातून तीन पाळ्या काढायच्या आहेत, गोळ्याला पाळ्या चिकटवायच्या नाहीत. अंगठ्याने प्रत्येक पाळी मधून दाबून खोलगट करा आणि मध्ये एक धारदार कणा ठेवा. तीन पाळ्या जिथे मिळतात तिथे दोन डोळे येतील. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने ते आत दाबा.

आता खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाइलची बॅटरी डावीकडून, जरा वरून धरा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझं पान पापडासारखं चपटं दिसलं. कड सुबक होती, शिरा होत्या, पण पानामागे जमीन लगेच लागत होती आणि सावलीला जागाच नव्हती. पान पुढे आणायचं असेल तर मागची जमीन आत ढकलावी लागते. तारेच्या कोरणीने पानामागची माती काढत गेलो आणि एका क्षणी बॅटरीच्या उजेडात पान भिंतीवरून सुटून पुढे आलं. पानाला मी हातही लावला नव्हता.

हे हाताला कळेपर्यंत ताठ पान चार-पाच वेळा करा. त्यानंतर द्राक्षाचं पान, त्याच पद्धतीने: आधी देठ, मग पाच शिरांचा पंजा दाखवणारा मोठा उंचवटा, मग डोळे, मग पाळ्यांचा फुगवटा, शेवटी दाते. पानाची एक बाजू जरा वळवा, एखादी पाळी स्वतःवर उलटू द्या. कडेची जाडी आठ-दहा मिलिमीटर असू द्या. माती पातळ करणं सोपं असतं, पण दगडात ती कड टिकणार नाही. झालेलं काम ओल्या फडक्याने झाकून ठेवा आणि माती चामड्यासारखी घट्ट झाली की शेवटचा हात फिरवा. हा नमुना दगडाचं काम संपेपर्यंत शेजारी लागणार आहे.

दगड आणि हत्यारं

आपल्या काळ्या पाषाणात पहिलं पान कोरायला जाऊ नका. तो कठीण आहे, हात आणि हत्यार दोन्ही झिजतात. जांभा भोकाभोकांचा, त्यात पानाची कड उभीच राहत नाही. गॉथिक पान फुललं ते मऊ चुनखडकात, वेल्सला डोल्टिंगच्या खाणीतल्या, फ्रान्समध्ये कां (Caen) गावच्या खाणींतल्या. आपल्याकडे मुंबईच्या गॉथिक इमारतींत वापरलेला पोरबंदरचा दगड याच जातीचा. तो मऊ आहे, छिन्नीला सहज वश होतो, पण दाणेदार असल्यामुळे फार पातळ टोकं धरत नाही. इमारतीचं जुनं काम पाडलेल्या ठिकाणी तुकडा मिळाला तर उत्तम.

साधारण २० × २० सेंटिमीटर, जाडी ८ सेंटिमीटर एवढा तुकडा पुरे. त्यावर पाणी शिंपडा, थर दिसतील. थर आडवे राहतील असा दगड ठेवा. पानाचं लांब टोक थराच्या रेषेतच पातळ झालं तर ते पापुद्र्यासारखं निघून येतं.

हत्यारं थोडीच लागतात: टोकदार टाकी, दातेरी छिन्नी, दोन सपाट छिन्न्या (एक २० मिलिमीटरची, एक ६ ची), एक गोल छिन्नी, लाकडी मोगरी किंवा हलका हातोडा, हाताने फिरवायचं ड्रिल आणि दोन वाकड्या बारीक कानशी. दगडाखाली वाळूचं पोतं ठेवा, म्हणजे तो हलत नाही आणि ठोक्याचा धक्काही जिरतो.

चष्मा आणि चांगला मास्क घातल्याशिवाय पहिला ठोका घालू नका, ही विनंती आहे. चुनखडकात सिलिका कमी असते, वालुकाश्मात भरपूर असते. सिलिकाची धूळ फुफ्फुसात बसते ती परत निघत नाही. पाथरवटांच्या घरोघरी सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार पिढ्यान् पिढ्या ठाण मांडून बसलाय. धूळ फुंकून उडवू नका, ओल्या ब्रशने उचला. काम उघड्यावर करा आणि घरातल्या लहान मुलांना जवळ थांबू देऊ नका.

दगडात

दगडाचा पुढचा पृष्ठभाग म्हणजे तुमच्या पानाची सर्वांत उंच जागा. त्यापुढे काही येणार नाही, म्हणून त्या पृष्ठभागाचा एखादा ठिपका शेवटपर्यंत जपून ठेवायचा. चारही बाजूंना पुढून ४ सेंटिमीटरवर रेघ मारा. तिथे जमीन येईल. पानाची आकृती कोळशाने पुढच्या बाजूला उतरवा, पण फक्त बाहेरचा पंचकोन आणि देठ. डोळे, दाते, शिरा आत्ता काढल्या तर पहिल्या तासातच पुसल्या जातील.

टाकीने पंचकोनाबाहेरचा दगड काढायला लागा. ठोका नेहमी दगडाच्या भरीव भागाकडे जायला हवा, कडेकडे कधीच नाही. कडेच्या दिशेने मारलं की कोपरा तुटून पडतो आणि दगडाला ठिगळ लावता येत नाही. म्हणून कडेपासून आत, बाहेरून मध्याकडे. पूर्ण ४ सेंटिमीटर एकाच वेळी उतरू नका. तीन फेऱ्यांत जा आणि प्रत्येक फेरीनंतर शाडूच्या नमुन्याशेजारी ठेवून बघा. मधल्या अवस्थेत हे काम पानासारखं अजिबात दिसणार नाही. देठ म्हणजे एक जाड वरवंटा, पान म्हणजे एक गोटा. अशा वेळी घाई करून शिरा कोरायचा मोह होतो, तो आवरा. गोट्याचा झोक बरोबर असेल, म्हणजे वरच्या बाजूला तो पुढे झुकलेला आणि खाली देठाकडे आत जाणारा असेल, तर पान आतच बसलेलं आहे.

दातेरी छिन्नीने गोट्याला वळण द्या. मग त्या वळणावर पुन्हा पेन्सिलीने पाच शिरा काढा आणि प्रत्येक दोन शिरांमध्ये डोळ्याची जागा ठरवा. आता ड्रिल. डोळ्यांच्या जागी ५ मिलिमीटरचं भोक, सरळ आत नाही तर जरा तिरपं, देठाच्या दिशेने. भोक किती खोल न्यायचं ते ड्रिलला चिकटपट्टी गुंडाळून आधी ठरवा, साधारण २५ मिलिमीटर. भोकं पडली की पान एकदम जिवंत वाटायला लागतं, कारण पहिल्यांदाच खरा काळोख आत शिरलेला असतो.

भोकापासून पाळ्यांच्या कडेपर्यंत गोल छिन्नीने उतार करा. फुगवटा शिरांच्या मध्ये ठेवा आणि शिरेकडे येताना खाली उतरा. शिरा रेघ मारल्यासारख्या खोदू नका. दोन्ही बाजूंच्या उतारांनी जिथे भेटायचं, तिथे शीर आपोआप उरते. उठावदार हवी असेल तर पानाची पाठ दाखवणाऱ्या, उलटलेल्या पाळीवर ठेवा.

सर्वांत शेवटी मागची पोकळी. ६ मिलिमीटरची सपाट छिन्नी पानाच्या कडेखालून आत घाला, हलके ठोके, मनगटाने. पाळीचं टोक पूर्ण मोकळं करू नका. मागे एक दगडी जोड ठेवा, सावलीत तो दिसत नाही आणि टोक वाचतं. जोडाची जाडी निदान करंगळीएवढी. आवाजाकडे लक्ष द्या: छिन्नीचा ठोका घट्ट वाजत असेल तर ठीक, पोकळ किंवा फुटका वाजला तर तिथेच थांबा, दगडात भेग आहे.

पॉलिश पेपर वापरू नका. त्याने कडा गोलावतात आणि सावली विरघळते. छिन्नीच्या बारीक खुणा राहू द्या. मध्ययुगात अशी बरीच पानं रंगवलेली आणि सोन्याच्या वर्खाने मढवलेली असत, तेव्हा तुम्हाला रंग द्यावासा वाटला तर त्यात परंपरेला सोडून काहीही होत नाही. आधी चुन्याचा पातळ हात, मग रंग.

आता दगड जिथे लावायचा तेवढ्या उंचीवर, भिंतीला टेकवून उभा करा. संध्याकाळी चारच्या उन्हात चार पावलं मागे जाऊन पाहा. एखादा डोळा राखाडी दिसत असेल तर तो कमी खोल आहे. एखादी पाळी भिंतीला चिकटलेली दिसली तर तिच्यामागून अजून तीन-चार मिलिमीटर काढा. खडूने खुणा करा, दगड खाली घ्या, कोरा, पुन्हा वर ठेवा. माझ्या पहिल्या द्राक्षाच्या पानाला हे वर-खाली सहा वेळा करावं लागलं. सहाव्या वेळी छिन्नी लावायला जागा सापडली नाही, तेव्हा मी ते जोत्याच्या वर, दाराच्या डाव्या अंगाला बसवलं, जिथे दुपारचं ऊन तिरपं येतं.